सीझनचा माल कधी भरायचा आणि किती?

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावात वडिलांचं जुनं कापड दुकान आहे. साड्या, ड्रेस मटेरियल, शर्टिंग-सुटिंग आणि थोडं रेडीमेड. जिल्ह्याच्या गावी झुडिओ हे स्वस्त रेडीमेडचं साखळी दुकान झालं, इथे स्टँडसमोर एका साखळीचं मोठं दुकान आलं, कॉलेजची पोरं मोबाइलवरून मागवतात. वडील म्हणतात, दिवाळीचा माल नेहमीसारखा श्रावणातच भरून टाकायचा. आता दुकानात बसायला लागलेल्या मुलाला त्याची धास्ती वाटते. सीझनला काय चालेल हे आधी कसं ओळखायचं, आणि असं दुकान पुढे चालेल का?

पहिल्या भागाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. काय चालेल हे आधी कुणालाच कळत नाही. सुरतेचा व्यापारी 'हे यंदा फुल चालणार' म्हणतो, कारण त्याच्याकडे त्याच डिझाइनचे तागे पडलेले असतात. ब्रँडचा माणूस कॅटलॉग उलगडतो, कारण त्याला महिन्याचं बुकिंग पुरं करायचं असतं. मी या धंद्यात आयुष्य काढलं, आधी स्वतःच्या गादीवर आणि आता दुसऱ्यांच्या दुकानांचा हिशोब बघत. भाकीत बरोबर ठरलं म्हणून श्रीमंत झालेला दुकानदार मला फारसा भेटला नाही. भेटले ते असे, ज्यांनी खरेदीचा पैसा शेवटपर्यंत हातात राखला आणि माल दिसू लागल्यावर, गिऱ्हाईक मागू लागल्यावर उचलला. म्हणून प्रश्न थोडा फिरवू या. काय चालेल यापेक्षा पैसा कधी अडकवायचा आणि किती, हे तुमच्या हातात आहे. मग वडिलांचं म्हणणं कुठे बरोबर आहे आणि कुठे नाही, तेही दिसेल.

आधी सीझन म्हणजे काय ते पक्कं करू. ब्रँडवाले स्प्रिंग-समर आणि ऑटम-विंटर असे दोन हंगाम मानतात आणि चार-सहा महिने आधी बुकिंग घेतात. ही पद्धत थंड देशांतून आली. तिथे कोट खरोखर सहा महिने लागतो. आपल्याकडे थंडी जेमतेम दोन महिने, तीही सकाळ-संध्याकाळची. लुधियानाचे जाड स्वेटर डझनाने भरणारा दुकानदार जानेवारीच्या शेवटी तेच स्वेटर पोत्यात बांधतो. पुण्या-नागपुरात तिबेटी विक्रेते हिवाळ्यापुरते येऊन त्या मालाचा धंदा करतात आणि हंगाम संपला की निघून जातात. त्यांचं गणितच वेगळं. तुम्ही हुडी आणि पातळ जॅकेट यावर थांबा. ते कॉलेजची पोरं पावसाळ्यातही घालतात.

आपला खरा सीझन तीन गोष्टींतून बनतो: पंचांग, शेतीचा पैसा आणि शाळा-कॉलेजचं वेळापत्रक. पंचांग दरवर्षी हलतं आणि बरेच दुकानदार ते जानेवारीत उघडूनच बघत नाहीत. २०२६ चंच घ्या. गुढीपाडवा १९ मार्चला, आणि त्याच आठवड्यात रमजान ईद. लहान मुलांचं रेडीमेड एका वेळी दोन्हीकडून मागितलं जातं. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे हा योग फार वर्षं राहणार नाही. मागोमाग १४ एप्रिल. भीमजयंतीची खरेदी, पांढरे कुर्ते, निळ्या आणि पांढऱ्या साड्या, घरातल्या प्रत्येकाला नवा कपडा, हा मराठवाड्यात, विदर्भात आणि आता बहुतेक सगळीकडे दिवाळीच्या तोडीचा सीझन आहे. तरीही बाजारपेठेतली अनेक जुनी दुकानं त्यासाठी एक वेगळा कप्पासुद्धा लावत नाहीत. हे मला कधीच समजलेलं नाही.

पुढे १९ एप्रिलला अक्षय्य तृतीया, आणि १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ. म्हणजे ऐन मे महिन्याचा उत्तरार्ध लग्नांविना. वडिलांनी दरवर्षीप्रमाणे मे अखेरपर्यंत पुरेल असा बस्त्याचा माल भरला तर तो तसाच बसेल. पण अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलावून वाण द्यायचं, जावयाला कपडे, लेकीला साडी. म्हणजे गिऱ्हाईक येणार, पण दहा हजारांची भारी साडी मागणार नाही. हजार-दीड हजाराची नीटनेटकी साडी आणि जावयासाठी बरा शर्ट किंवा कुर्ता मागेल. दिवाळीचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, गेल्या वर्षीपेक्षा १८ दिवस उशिरा. अधिक महिन्यामुळे श्रावणही जवळपास तेवढाच पुढे गेलाय, पण गेल्या वर्षीची तारीख धरून दिवाळीचा माल भरला तर तो तेवढे दिवस जास्त पडून राहणार, आणि तेवढ्या काळाचं व्याज तुम्ही भरणार. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्राच्या अस्तामुळे मुख्य मुहूर्तच नव्हते. जानेवारीत पंचांग बघितलेल्या दुकानदारांनी तेव्हा फेब्रुवारी-मार्चवर जोर दिला होता.

शेतीच्या पैशाबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल, फक्त त्याची सांगड खरेदीशी घाला. सोयाबीनच्या भागात पैसा ऑक्टोबरात येतो, त्यामुळे यंदाची उशिराची दिवाळी तिथे बरी जावी. कापसाचा पैसा नोव्हेंबर ते जानेवारी असा हप्त्याहप्त्याने येतो. उसाचं बिल कायद्याने चौदा दिवसांत मिळायला हवं. प्रत्यक्षात ते कधी मिळतं ते तुमच्या उधारीच्या वहीत लिहिलेलंच आहे. ऊसपट्ट्यात दिवाळी निम्मी उधारीवर होते आणि उन्हाळ्यातली लग्नं रोखीवर. द्राक्षाच्या गावांत फेब्रुवारी-मार्चमध्ये हात मोकळा असतो. कारखान्याचा दिवाळीचा हप्ता आणि कामगारांचा बोनस कधी निघणार, याची चौकशी व्यापाऱ्याच्या कॅटलॉगपेक्षा जास्त कामाची.

आता फॅशनकडे. फॅशन कशी येते आणि कशी मरते याचं खणाइतकं चांगलं उदाहरण आपल्या भागात दुसरं नाही. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चोळीचं कापड. ओटी भरायला, देवीला वाहायला घ्यायचं आणि कपाटात ठेवायचं. मग काही वर्षांपूर्वी कुणीतरी त्याची साडी केली, कुर्ती केली, पर्स आणि दागिनेसुद्धा केले. पहिल्या वर्षी तो माल मोजक्या लोकांकडे होता. भाव चढा होता आणि गिऱ्हाईक फोन करून विचारत होतं. दुसऱ्या टप्प्यात मशीनवरचा खण आला. तिसऱ्या टप्प्यात नुसती खणाची छपाई केलेलं सिंथेटिक आलं, अस्सलच्या किमतीच्या एका लहान अंशात. मग तो आठवडी बाजारात दोरीवर लटकला. खणाची साडी संपली असं मी म्हणत नाही. अस्सल विणलेल्या मालाला अजूनही गिऱ्हाईक आहे. पण तिसऱ्या टप्प्यात शंभर पीस भरलेल्या दुकानदाराकडे त्यातले निम्मे आजही असतील.

बहुतेक फॅशन याच वाटेने जाते. फरक वेगाचा. पूर्वी मुंबईत दिसलेली गोष्ट तालुक्याला पोचायला वर्ष लागायचं, त्यामुळे दुकानदाराला विचार करायला वेळ होता. आता रील एकाच दिवशी दादरला आणि तुमच्या गावी दिसते. फुगीर दाणेदार कापडाचे पॉपकॉर्न शर्ट आठवतात? सगळीकडे एकदम आले आणि एकदम गेले. को-ऑर्ड सेट, म्हणजे एकाच कापडाचा टॉप आणि पँट, त्यामानाने टिकले, कारण त्यात बायकांची सोय आहे. ओढणी नको, मॅचिंग शोधायला नको, आणि अंगाला सैल. तंग जीन्स जाऊन ढगळ आली. ही मात्र आकारातली फॅशन आहे, आणि आकार बदलायला वर्षं लागतात. रंग आणि छपाई महिन्यात बदलते. म्हणून आकाराच्या फॅशनवर थोडा भरवसा ठेवून माल घ्यायला हरकत नाही. छपाईच्या फॅशनवर कधीच नाही. जगभरच्या डिझायनरांसाठी पँटोन ही रंगांची कंपनी दरवर्षी एक रंग जाहीर करते. २०२५ साठी त्यांनी मोका मूस नावाचा तपकिरी सांगितला होता. तुमच्या गावात त्यापेक्षा नवरात्राच्या नऊ रंगांची यादी महत्त्वाची आहे.

त्या यादीबद्दल एक सूचना. नवरात्राचे रंग हा असा एकच ट्रेंड आहे जो आधीच छापून येतो. शाळा, बँक, पंचायत समिती, बचत गट, सगळीकडच्या बायका तो पाळतात. पण दहाव्या दिवशी त्या मालाला कुणी विचारत नाही. म्हणून तिथे प्लेन माल घ्या. प्लेन कुर्ती, प्लेन ओढणी, लेगिंग, आणि ब्लाउजपीस. उरलेलं वर्षभर मॅचिंगमध्ये खपतं. संक्रांतीच्या काळ्याचं तसंच. काळी कुर्ती बारा महिने जाते, पण काठावर पतंग छापलेली काळी साडी रथसप्तमीनंतर थेट पुढच्या जानेवारीतच हलेल.

आता हिशोब, कारण मुद्दा त्यातच आहे. समजा कुर्ती तुम्हाला जीएसटी सोडून ५०० ला पडली आणि तुम्ही ९९९ ला विकता. ५ टक्के जीएसटी काढला की हातात ९५१ राहतात. म्हणजे ४५१ सुटले. त्यावर ३० टक्के सूट देऊन ६९९ ला विकली, तर जीएसटी जाऊन ६६६ हातात आणि सुटले फक्त १६६. सूट तीस टक्क्यांची दिली, पण नफा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आला. बहुतेक दुकानदार सेलचा बोर्ड लावताना हे मांडून बघत नाहीत.

पुढे चला. तुम्ही १०० कुर्त्या घेतल्या, ५०,००० रुपये गुंतवले. ६० पूर्ण भावाने गेल्या, २५ सेलमध्ये गेल्या, १५ राहिल्या. जमा झाले सुमारे ७३,७००. खर्च वजा जाता २३,७०० हातात आले आणि १५ कुर्त्या फडताळात. सगळ्या पूर्ण भावाने गेल्या असत्या तर ४५,१०० सुटले असते. आता तुम्ही ७५ च घेतल्या असं धरा. गुंतवले ३७,५००. पूर्ण भावाच्या ६० त्याच गेल्या, कारण त्या मागणाऱ्यांना त्या हव्याच होत्या. सेलमध्ये १२ गेल्या, ३ राहिल्या. जमा ६५,००० च्या पुढे, सुटले सुमारे २७,५००. माल पाऊण घेतला, पैसे जास्त सुटले, आणि साडेबारा हजार रुपये मोकळे राहिले, जे दुसऱ्या कशात तरी फिरले. सेलमध्ये घेणारी काही गिऱ्हाइकं रिकाम्या हाती गेली, हे खरं. जाऊ द्या. पुढच्या वेळी ती सेलची वाट बघणार नाहीत.

वडिलांचं श्रावणात भरणं चुकीचं नव्हतं. त्यांच्या काळात सुरतेहून ट्रान्सपोर्टने गाठोडं यायला वेळ लागायचा. दिवाळीच्या तोंडावर व्यापारी माल संपला म्हणायचा, आणि लवकर घेणाऱ्याला दोन रुपये कमी पडायचे. आज व्हॉट्सॲपवर फोटो येतो आणि पार्सल थोड्या दिवसांत दारात येतं. लवकर भरण्याचा फायदा संपला, तोटा राहिला. तरी काही माल लवकरच घ्यावा लागतो. अस्सल हातमागाचा माल, कारण विणायला वेळ लागतो आणि ऐनवेळी मिळत नाही. शाळेचे गणवेश, ज्यांसाठी सोलापूरला एप्रिलनंतर धावाधाव करून उपयोग नाही. बाकी साड्या, कुर्त्या, मुलांचे कपडे यांत माझा ठोकताळा असा: सीझनच्या बजेटमधले निम्मे पैसे आधी घाला. एक तृतीयांश सीझन सुरू झाल्यावर, काय जातंय ते पाहून. उरलेले शेवटच्या दहा-बारा दिवसांत, केवळ मागितल्या गेलेल्या मालासाठी. वडिलांना निम्म्यावर राजी करणं अवघड जाईल. पहिल्या वर्षी फक्त कुर्तीच्या विभागात करून दाखवा.

माल परत घ्यायच्या अटीवर आधी बोला. बाजारात याला जीआर, म्हणजे गुड्स रिटर्न, म्हणतात आणि चांगला व्यापारी काही हिस्सा परत घेतो किंवा बदलून देतो. भाव पाच रुपयांनी जास्त पण बदलून देणारा, आणि भाव कमी पण एकदा दिला की दिला म्हणणारा, यांत मी पहिला निवडतो. नव्या डिझाइनसाठी तर डोळे झाकून.

पैसे देण्याबद्दल एक गोष्ट सीएला विचारून घ्या. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च आयकरात धरता येत नाही, ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. लेखी करार नसेल तर मुदत पंधराच दिवसांची. नव्वद दिवसांच्या उधारीवर माल भरून ठेवायची जुनी सवय त्यामुळेही महाग झाली आहे.

साइजचं मात्र सविस्तर सांगतो, कारण अर्धा मेलेला माल इथून जन्माला येतो. घाऊक बाजारात कुर्ती सेटने मिळते. एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल, प्रत्येकी एक. तुमच्या गावच्या बायका त्या प्रमाणात नसतात. माझ्या पाहण्यात तालुक्याच्या दुकानांत मोठे साइज आधी संपतात आणि एम उरतो. मग दुकानदार म्हणतो 'डिझाइन चाललं नाही'. डिझाइन चाललं होतं, एम चालला नाही. सेट फोडून देणारा व्यापारी शोधा, चार रुपये जास्त द्या. आणि थ्री एक्सएल, फोर एक्सएल ठेवा. मोठ्या साखळीच्या दुकानातून हे साइज लागणारी बाई नेहमी अपमान झाल्यासारखी बाहेर पडते. तुमच्याकडे तिला मापाचं मिळालं तर ती भाव करत नाही, आणि पुढच्या वेळी बहिणीला घेऊन येते.

आता झुडिओ. टाटांच्या ट्रेंट कंपनीची ही साखळी, मार्च २०२५ पर्यंत तिची साडेसातशेच्या वर दुकानं झाली होती. रिलायन्सनेही २०२३ मध्ये युस्टा नावाने असंच ९९९ च्या आतलं दुकान काढलं. यांच्याशी भावात लढू नका. ते सगळा माल स्वतःच्या नावाने करून घेतात, मधला व्यापारी नाही, आणि एका डिझाइनचे जितके पीस ते काढतात तितके तुमचं दुकान उभ्या आयुष्यात विकणार नाही. त्यांचं एक मात्र शिकण्यासारखं आहे. झुडिओत सेलचा गाजावाजा जवळपास नसतो आणि माल सतत बदलतो. पंधरा दिवसांपूर्वी बघितलेला टीशर्ट आज नसतो, हे पोरांना ठाऊक असतं, म्हणून आवडला की लगेच उचलतात. तुमच्या दुकानात मात्र गिऱ्हाइकाला पक्कं माहीत आहे की दर्शनी भागातला तो जांभळा ड्रेस दिवाळीलाही तिथेच असेल. दर शनिवारी दर्शनी मांडणी बदला. माल नवा नसला तरी जागा बदला. याला पैसे लागत नाहीत.

कॉलेजच्या पोरांचा टीशर्ट-जीन्सचा धंदा बऱ्यापैकी गेला असं धरून चाला. त्यात नवा पैसा घालू नका. जे त्या दुकानांना जमत नाही तिथे बसा. ब्लाउज शिवून देणं, फॉल-पिको, संध्याकाळी देतो सांगून संध्याकाळीच दिलेलं अल्टरेशन, शिवलेली नऊवारी, मोठे साइज, आजीबाईंसाठी सुती साडी, घरातला गाऊन, परकर, सत्काराचे टॉवेल-टोपी-उपरणं. यांत फॅशन शून्य आहे आणि रोजचा गल्ला यांवरच चालतो. मी बघितलेल्या बऱ्याच दुकानांत मालक साडीच्या काउंटरवर मिरवतो आणि लाईटबिल मात्र परकर-गाऊनचा कोपरा भरतो.

लग्नाच्या बस्त्यात झालेला बदल नीट बघा. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापायची रीत पसरली तशी आहेराच्या साड्यांची थप्पी लहान झाली. शर्ट-पँटच्या पीसची तर वेगळीच कथा. एका लग्नात मिळालेला पीस न उघडता पुढच्या लग्नात जातो, आणि काही पीस तुमच्या दुकानातून निघून तालुकाभर फिरून पुन्हा तुमच्याच घरच्या लग्नात आहेर म्हणून येतात. त्या मालात यापुढे दम नाही. पण दुसऱ्या बाजूने हळद, मेंदी, संगीत, सगळे वेगळे कार्यक्रम झाले. पूर्वी जवळच्या नातेवाइकाला एक साडी लागायची, आता तिला हळदीचा पिवळा वेगळा, मेंदीचा हिरवा वेगळा, लग्नाचा वेगळा. माणसं कमी झाली, माणशी कपडे वाढले. बस्ता बांधायला आलेल्या घराला तुम्ही हळदीसाठी वीस पिवळ्या कुर्त्या एका रंगात, सगळ्या साइजमध्ये, चार दिवसांत आणून देतो म्हणालात तर ते दुसरीकडे जाणार नाहीत. हा माल आधी भरायचा नसतो. नमुने ठेवायचे, ऑर्डर आली की मागवायचा. नवरदेवाची शेरवानी आणि नवरीचा भारी घागरा तर अजिबात भरू नका. लोक भाड्याने घेतात. जिल्ह्यातल्या भाड्याने देणाऱ्याशी बोलून कमिशन ठरवा.

जीएसटीचा फेरबदल इथे कामाला येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के आणि त्यापुढच्याला १८ टक्के आहे. त्याआधी हजारापर्यंत ५ आणि वर १२ होता. म्हणजे हजार ते अडीच हजारांतला चांगला कुर्ता, मुलांचा सूट, बरी कुर्ती-सेट यांना कर कमी झाला, आणि झुडिओ नेमकं याच पट्ट्यात नसतं. तुम्ही वर सरकायची ही जागा आहे. किंमत लावताना एक काळजी घ्या. २,५०० वर ५ टक्के धरले की २,६२५ होतात, आणि एक रुपया वाढला की १८ टक्क्यांनी तीच गोष्ट २,९५१ वर जाते. या दोहोंमध्ये किंमत लावू नका. २,५९९ ला बसवा, नाहीतर थेट तीन हजारांच्या वरचा माल ठेवा. साडी कापडात मोडते, तिला ही पायरी लागत नाही. पाच टक्केच.

ऑनलाइन विकायला जाऊ का, असं तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण मनात असणार. मोठ्या ॲपवर नको. तुम्ही ज्या सुरतेच्या व्यापाऱ्याकडून साडी आणता तो स्वतःच तिथे तुमच्या खरेदीभावात विकतोय. शिवाय माल घरी आल्यावर पैसे द्यायच्या ऑर्डरी परत येतात, येताना साडीची घडी मोडलेली असते आणि जाण्यायेण्याचा खर्च तुमच्या डोक्यावर. तुमच्या गावात मात्र दहा-पंधरा बायका अशा असतील ज्या घरी बसून व्हॉट्सॲप ग्रुपवर साड्या विकतात. वडील त्यांना धंदा खाणाऱ्या म्हणत असतील. त्यांना बोलवा. तुमचा माल फोटोसाठी द्या, विकला तर कमिशन, नाही विकला तर परत. त्यांच्या प्रत्येकीच्या ग्रुपमध्ये शेकड्याने बायका आहेत आणि त्यांना सुरतेहून गाठोडं मागवून पैसे अडकवायचे नाहीत. तुमच्याकडे माल आहे, त्यांच्याकडे गिऱ्हाईक.

तुमच्या भीतीचं उत्तर. दुकान चालेल, पण जेवढ्या मालावर आज चालतंय तेवढ्यावर नाही. फडताळं उपसून बघा. प्रत्येक टॅगवर खरेदीचा महिना खुणेने लिहायला आजपासून सुरुवात करा. सॉफ्टवेअर नसेल तर अक्षरं चालतील, जानेवारीला क, फेब्रुवारीला ख. सीझनच्या मालाचा तिसरा हिस्सा तीन आठवड्यांत गेला नाही तर तो चालणार नाही, असं समजून तेव्हाच दहा टक्के कमी करा. आषाढापर्यंत थांबलात तर चाळीस कमी करावे लागतील. गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि जे मागितलं पण आपल्याकडे नव्हतं ते लिहा: रंग, साइज, किंमत. महिनाभरात ती वही कुठल्याही फॅशन मासिकापेक्षा नेमकं सांगेल. जुन्या शर्टिंग-सुटिंगचे तागे गणवेशवाल्याला किंवा कटपीसवाल्याला मिळेल त्या भावात द्या. वडील म्हणतील घेतलेल्या किमतीच्या खाली नको. त्यांना त्या तागांचं खरेदी बिल दाखवा, साल वाचायला लावा, आणि त्या पैशाचं बँकेचं व्याज तिथल्या तिथे काढा.

यंदापुरतं नेमकं हवं असेल तर: मेच्या पहिल्या पंधरवड्यानंतर बस्त्याचा नवा माल थांबवा. धोंड्यासाठी जावयाचे शर्ट-कुर्ते आणि हजार-दीड हजाराच्या साड्या मेच्या सुरुवातीला आणा, थोड्याच. गणवेशाचं आतापासून बोलून ठेवा. आणि दिवाळीची पहिली ऑर्डर पितृपक्षात द्या. तेव्हा व्यापारी मोकळा असतो, नीट बोलतो, भावही तुटतो, आणि दसऱ्याच्या सुमारास माल दुकानात लागतो. श्रावणात सुरतेला जायचंच असेल तर वडिलांना घेऊन जा, नमुने बघा, ओळखी वाढवा, आणि चेकबुक घरी ठेवा.